सिस्टरचा तारा

घर पाहायला गेलो तेव्हा घरमालकिणीनं घर दाखवायच्या आधी माझी जीभ पाहिली. खोटं नाही सांगत. मी दारात उभी, मागे आमचे हे, बल्लारपूरला नवी नोकरी लागली त्या खुशीत, आणि ही बाई, अंगावर पांढरी साडी, छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ, माझी हनुवटी धरून म्हणते, "आ कर." मी केला. मग अंगठ्यानं माझ्या डोळ्याखालची पापणी ओढून पाहिली.

"रक्त कमी हाये तुझं. किरायाचं मंग पाहू. आधी रोज गूळ-शेंगदाने खाजो."

मी झाडीपट्टीतल्या धानाच्या गावची. माझं लग्न जमलं तेव्हा सासरच्यांनी सुद्धा मला इतकं तपासलं नव्हतं. असा राग आला की वाटलं, उलट्या पावली जावं. पण खोली हवेशीर होती, नळाला पाणी होतं, आणि तोवर या बाईनं आमची वळकटी स्वतः उचलून आत नेलीसुद्धा होती. मग काय, राहिलो.

गल्लीत तिला सगळे सिस्टर म्हणायचे. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती. नवरा मालगाडीवर गार्ड, कोळशाच्या डब्यांमागे लाल-हिरवी झेंडी घेऊन अर्धं आयुष्य काढलेला सज्जन माणूस. त्याला सगळे गार्डसाहेब म्हणत. मोठी पोरगी नर्सिंग शिकत होती. धाकटा ताडोबाच्या मोहर्ली गेटवर सफारीची जिप्सी चालवायचा. घरात चार माणसं, चौघांच्या चार वेळा, आणि त्या चारी वेळांचा हिशेब एकट्या सिस्टरच्या डोक्यात. कोण रात्रपाळी करून झोपलंय, कोणाचा डबा भरायचाय, कोणाची वर्दी अजून ओली आहे. गार्डसाहेब झोपले असले आणि कुकरची शिट्टी वाजायच्या बेतात आली की ही हातातलं काम टाकून धावायची आणि कुकरला म्हणायची, "थांब व माय, आत्ताच झोपले ते!" आणि खरंच सांगते, तो कुकर थांबायचा. गॅस तीच बंद करायची म्हणा.

सकाळी उठली की तिचा राउंड. वॉर्डात फिरल्यासारखी आधी स्वतःच्या घरात, मग आमच्या खोलीकडे. "झोप लागली काय? पोट साफ?" आमच्या ह्यांना तोंडात ब्रश असताना विचारलं तिनं पहिल्या आठवड्यात. ते बिचारे मानेनंच काहीतरी सांगून मोरीत शिरले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी भांडले. म्हटलं, "सिस्टर, आम्ही किरायेदार आहो, पेशंट नाई." ती म्हणाली, "दोघायले बी जागा मीच देते ना? मंग?" 

तिच्या सगळ्या डब्यांवर दवाखान्यात लावतात तशी पांढरी चिकटपट्टी, आणि तिच्यावर निळ्या पेनानं सूचना. "चकली. ओला हात लावू नये." "तिखट. नंतर डोळे चोळू नये." मिठाच्या डब्यावर, "साहेबांना बेतानं." चर्चमध्येही तेच. पाद्रीबाबांचं प्रवचन लांबलं की ही पहिल्या बाकावरून छातीवरचं घड्याळ काढून डोळ्यांसमोर धरायची. पाद्रीबाबा चांगले होते, दोन वाक्यांत आटपायचे. त्यांच्या बायकोची दोन्ही बाळंतपणं हिच्याच हातची होती.

पण मी जी गोष्ट सांगणार आहे ती तिच्या जेवणाची. तिला बसून जेवताना मी कधी पाहिलंच नव्हतं. ओट्याशी उभी, एका हातात भाकर, दुसऱ्या हातानं कोणाचा तरी डबा भरणं चालू. मी म्हणायची, "सिस्टर, दोन घास बसून खा ना." तर म्हणे, "बसली का मले झोप येते. नाताळले बसीन."

मला वाटलं, गंमत करते. ती गंमत नव्हती.

तिच्या घरचा नाताळ म्हणजे काय सांगू! डिसेंबर लागला की गल्लीतल्या आम्ही साऱ्या बाया तिच्या अंगणात. दिवाळीत आमच्याकडे जी लाटणी फिरायची तीच नाताळात तिच्याकडे. मात्र आत शिरायच्या आधी कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे, नखं दाखवायची, मगच करंजीच्या सारणाला हात. केक ती कुकरमध्ये वाळू तापवून करायची, वर्धा नदीची चाळून, धुऊन, वाळवून डब्यात भरलेली वाळू, त्या डब्यावर चिकटपट्टी, "वाळू. खाऊ नये." आणि गच्चीच्या कठड्याला तारा. बांबूच्या कामट्यांचा, पांढऱ्या कागदाचा, पाच कोपऱ्यांचा, आत बल्ब. दरवर्षी स्वतः बांधायची.

आता पंचवीस डिसेंबरला चौघं घरी असतील तर शपथ. मालगाडीला नाताळ नसतो. मोहर्लीत तर नाताळच्या आठवड्यात पर्यटकांची अशी झुंबड की धाकट्याला जेवायला फुरसत नाही. बाळंतिणी तर काय, सणवार पाहून थोड्याच येतात! म्हणून सिस्टरनं आपल्या घराचा कायदाच करून टाकला होता. घरची चारही माणसं एका पंगतीत जेवतील तोच आपला नाताळ, मग तारीख कोणतीही असो. आणि तो होईस्तोवर तारा उतरवायचा नाही. त्या पंगतीत ती स्वतः मांडी घालून बसायची. वर्षातून तेवढी एकच वेळ.

समोरचे किराणावाले भाऊ तिला चिडवायचे. "सिस्टर, नाताळ होऊन गेला न, तारा काऊन लटकून राह्यला?"

"भाऊ, येशू का कॅलेंडर पाहून आला होता? जागा भेटली तिथी आला. आमाले वेळ भेटन तवा आमी जेवू."

तारा कधी चार दिवसांत उतरायचा, कधी संक्रांतीला. आम्ही गल्लीतले लोक वर पाहून ओळखायचो, अजून यांचं कोणीतरी यायचं आहे.

मोठीबद्दल सांगायला हवं. आईच्या अगदी उलट पोरगी. शांत, सावकाश, बोलणं मोजकं. करंजी करायला बसली की हमखास हिची करंजी तेलात फुटायची. सिस्टर फुटलेल्या करंज्या वेगळ्या डब्यात टाकायची आणि चारचौघींत म्हणायची, "हात जड हाये हिचा. नर्स होते म्हणते! टाके कशी घालन?" पोरगी हसायची, फुटकी करंजी उचलून खायची. मला तिचं फार वाईट वाटायचं. मी एकदा म्हटलंही, "सिस्टर, स्वतःच्या पोरीले असं बोलते का कोनी?" तर मलाच म्हणाली, "वॉर्डात चुकन त पेशंटचा जीव जाईन. घरी बोलून घेतलेलं बरं."

पोरगी पास झाली. सिस्टरनं चंद्रपूरच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. पोरीनं मात्र गुपचूप अर्ज केला आणि भामरागडच्या पलीकडे, जंगलातल्या एका लहानशा आरोग्य केंद्रात नोकरी घेतली. घरात तीन दिवस कुकरसुद्धा शिट्टी न वाजवता गप्प होता म्हणा ना. सिस्टर एवढंच म्हणाली, "तिथी हिले शिकवन कोन? चूक झाली त पाठीशी कोन हाये?" तिचा राग नव्हता तो, भीती होती. तीस वर्षं बाळंतपणं केलेल्या बाईला एकटं पडणं म्हणजे काय ते नीट माहीत होतं.

त्याच वर्षीची ही गोष्ट. डिसेंबरात तारा लागला आणि मोठीचा फोन आला. तिच्या केंद्रातली दुसरी नर्स बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकी वेळ ही एकटी. सुट्टी नाही.

सिस्टर फोनवर म्हणाली, "ड्युटी सोडून येजो नको." आणि फोन ठेवून ओट्याशी उभी राहून जेवली.

संक्रांत झाली. तारा वरच. शिवरात्र झाली. होळीला गल्लीतल्या पोरांनी त्याच्यावर रंग उडवला, तारा गुलाबी झाला. किराणावाले भाऊ म्हणाले, "सिस्टर, आता गुढी बी त्याच्याच बाजूले उभारू का?" सगळे हसले. मला काही हसू आलं नाही, मी त्यांना असं झाडलं की दोन दिवस त्यांनी मला साखर तोलून देताना तोंड वर केलं नाही. कारण मला दिसत होतं ना. बाई वाळत चालली होती. नाताळचा फराळ डब्यात तसाच, त्यावर चिकटपट्टी, "मोठी आल्यावर." मी कोणाला सांगत नव्हते, पण माझा जीव त्या ताऱ्यात अडकला होता. ही बाई या वर्षी बसून जेवणार की नाही?

मोठीचा फोन रविवारी यायचा. तिकडे नेटवर्कसाठी पाण्याच्या टाकीवर चढावं लागायचं. आणि आई इकडून काय विचारते? "बीपी किती होतं? नाळ कायनं बांधली? हात धुतले?" लेकीला कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. मी शेवटी फोन हिसकावून घेतला. "मोठी, जेवतेस का व बाई?" तिकडून ती हसून म्हणाली, "जेवते न काकू. उभ्यानंच, पण जेवते."

ते मी सिस्टरला सांगितलं. ती उठून आत गेली आणि कपाट आवरत बसली.

"अवो, मग तुम्हीच जा ना तिकडे," मी म्हटलं. तर म्हणे, "माझ्या वॉर्डात मी नातेवाईक उभे करत नाई. ते गर्दी करतेत, बाईले बी भेव वाटते, नर्सले बी. तिच्या ड्युटीवर मी काऊन जाऊ?" हट्टी म्हणजे किती हट्टी!

एप्रिलात जयंती आली. आदल्या दिवशी गल्लीतल्या बौद्ध घरांतली पोरं निळं लायटिंग करत होती. सिस्टरच्या ताऱ्यातला बल्ब केव्हाच उडाला होता. पोरांनी कोणाला न विचारता गच्चीवर चढून त्यात निळा बल्ब घातला आणि वायर आपल्या माळेला जोडून दिली. "सिस्टर, तुमचा तारा बी जयंतीत घेतला आमी!" ती बाहेर आली, वर पाहत उभी राहिली. त्यातली निम्मी पोरं तिच्याच हातांनी जगात आलेली. ती म्हणाली, "बाबू, इतक्या लोकायच्या घरचं पाहते मी, अन् माझीच पोट्टी..."  मी पहिल्यांदा तिला पदरानं डोळे पुसताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी राउंडला आली ती वेगळीच बाई होती. "किरायेदारीन, तयारी कर. पोट्टी येत नाई न? मंग तारा जाईन."

"मी कशाले?"

"तारा कोन पकडन? तुझी मांडी मोठी हाये."

धाकट्याला मंगळवारी सुट्टी, कारण ताडोबा मंगळवारी बंद. गार्डसाहेबांनी साप्ताहिक रजा जुळवली. धाकट्यानं मित्राची बोलेरो आणली आणि निघालो पहाटेच. गार्डसाहेब पुढे, मी आणि सिस्टर मागे, आणि माझ्या मांडीवर तो गुलाबी डागांचा, निळ्या बल्बचा तारा. एक कोपरा माझ्या बरगडीत, एक सिस्टरच्या कानात. शिजवलेलं काही घेतलं नव्हतं. सिस्टर म्हणे, "उनात मटन नेऊन त्यायची ओपीडी भरू का?" मसाला, तांदूळ, ताज्या करंज्या, कुकर घेतला; वाळू नाही. "नदीकाठी जाऊन राह्यलो, अन् घरून वाळू नेऊ?"

आलापल्लीच्या पुढे दोन्हीकडे झाडं आणि झाडंच. बाया-पोरं टोपल्या घेऊन मोहफुलं वेचत होती, सगळ्या रस्त्याला त्याचा गोड वास. एका चौकीवर पोलिसांनी गाडी थांबवली. कोवळा शिपाई, तारा पाहून चक्रावला. "हे काय आहे?"

"नाताळचा तारा," सिस्टर म्हणाली.

"आता? एप्रिलात?"

"हो, आता." आणि खिडकीतून हात काढून तिनं त्याची पापणी खाली ओढली. "रक्त कमी हाये तुझं. शेंगदाने खात जाजो." बिचाऱ्यानं सलाम ठोकून गाडी सोडली.

आरोग्य केंद्र म्हणजे कौलारू छपराच्या तीन खोल्या, समोर ओटा, आवारात एक मोहाचं झाड. मोठी दारात आली. काळवंडली होती, वाळली होती, पण पाठ ताठ. आईला पाहिलं, माझ्या हातातला तारा पाहिला, आणि हसता हसता रडायला लागली. सिस्टरनं काय करावं? तिची पापणी ओढून पाहिली! मी कपाळावर हात मारून घेतला.

धाकट्यानं ओट्याच्या वाशाला तारा टांगला. मी चूल पेटवली, गार्डसाहेब वाळू आणायला नदीवर गेले. कोंबडी गावातूनच मिळाली. भात चढवायच्या बेतात होते तेवढ्यात आवारात गलका झाला. चार माणसं खांद्यावर खाट घेऊन आली, खाटेवर बाई, बाळंतपणाला आलेली, कळांनी बेजार. सोबत तिची म्हातारी सासू. मोठी एका क्षणात पुढे झाली. माणसांशी तिकडच्या माडिया बोलीत बोलली, अशी भराभर बोलली की आम्ही पाहतच राहिलो. या पोरीला इतकं बोलता येतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

बाईला आत घेतलं. सिस्टरनं कधी कोपरापर्यंत हात धुतले आणि कधी आत गेली, कळलंही नाही. मी गरम पाणी घेऊन दाराशी, पडद्याच्या अलीकडे. तेवढ्यात लाइट गेली.

"आई, टॉर्च," मोठीचा आवाज.

मग बराच वेळ फक्त त्या बाईचं कण्हणं आणि मोठीचं हळू हळू समजावणं. मग एकदम शांत.  मग मोठी हळू आवाजात आईला सांगत होती ते ऐकू आलं. बाळ आलं होतं, पण गळ्याला नाळेचा वेढा होता आणि बाळ रडत नव्हतं. आणि तीस वर्षांची सवय ती, सिस्टर झेपावली असणार. तिच्या बांगडीचा आवाज आला मला. तेव्हाच मोठी, आवाज न चढवता, म्हणाली,

"आई, मागे सर. उजेड धर."

मी मनात म्हटलं, आता संपलं. या बाईला उभ्या जन्मात कोणी मागे सर म्हटलं नसेल. डॉक्टर म्हणत नव्हते, पाद्रीबाबा म्हणत नव्हते. आणि ही कालची पोरगी, करंजी फोडणारी!

आतून पाय सरकल्याचा आवाज आला. ती मागे सरली होती.

थोड्या वेळानं बाळ रडलं. असं रडलं की आवारातली माणसं उठून उभी राहिली, मी गरम पाण्याचं भांडं खाली ठेवून तिथंच बसले आणि हमसून रडले. का रडले ते मला विचारू नका. माझी ना पोरगी, ना सून, पण अभिमानानं छाती फुटायची बाकी होती.

जेवायला ऊन कलतीला लागलं. ओट्यावर पंगत बसली. गार्डसाहेब, धाकटा, मोठी, आणि सिस्टर. मांडी घालून. मी वाढायला उभी राहिले तर मोठीनं मला हात धरून खाली बसवलं. सिस्टर पहिला घास घ्यायच्या आधी थांबली. लेकीचा हात तिनं स्वतःच्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, बोटं पाहिली.

"कोन म्हने हा हात जड हाये?"

"तूच," मोठी म्हणाली.

"मूर्ख होती मी," सिस्टर म्हणाली आणि जेवायला लागली. अशी जेवली, बाप्पा, दोनदा भात घेतला. करंजी मागितली, आणि डब्यातून मुद्दाम फुटकी शोधून खाल्ली.

उठल्यावर धाकटा तारा उतरवायला गेला. बाळाची आजी केव्हापासून त्या ताऱ्याकडे पाहत बसली होती. तिनं मोठीला माडियात काही विचारलं, मोठीनं सांगितलं, की घरचे सगळे एकत्र जेवले की हा उतरवतात. म्हातारी खो खो हसली. ती म्हणाली, आमच्याकडे तर हा कधीच उतरणार नाही, कोणी ना कोणी जंगलात गेलेलंच असतं.

"राहू दे मंग," सिस्टर म्हणाली. "जिथी लोक यायचे राह्यले तिथीच पाहिजे तो."

आता आम्ही चंद्रपूरला स्वतःच्या घरात राहतो. सिस्टर निवृत्त झाली, मोठी अजून तिकडेच आहे. पण डिसेंबरात करंज्या लाटायला मी बल्लारपूरला जातेच, आणि दरवर्षी ती गोष्ट मला पुन्हा ऐकावी लागते. किराणावाल्या भाऊंना, भाजीवालीला, पाद्रीबाबांना, नव्या किरायेदारालाही तिनं ती किती वेळा सांगितली असेल, देव जाणे. बाळ किती वजनाचं, नाळेचे वेढे किती, सगळं साग्रसंगीत. आणि शेवटी तिथं आली की हातातलं लाटणं बाजूला ठेवते, उठून उभी राहते, डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू.

"अन् माझी पोट्टी मले म्हणते, आई, मागे सर!"

असं म्हणते आणि भर अंगणात, आम्हा साऱ्या बायांसमोर, खरोखरीच एक पाऊल मागे सरते.